निरोप ठेवला आहे

माझ्या मोबाईलच्या पडद्यावर चष्मा उमटला, तेव्हा मला नुकतंच सेहेचाळिसावं लागलं होतं. दोन बारीक गोल आणि त्यांना जोडणारी एक दांडी. मला वाटलं, कंपनीला कुठून तरी माझी जन्मतारीख कळली आणि तिने प्रेमळपणे सुचवलं, की बाबा रे, आता जवळचा नंबर काढून घे. मी धडगावहून शहाद्याला उतरलो तेव्हा खरोखरच चष्मा करून घेतला. नव्या चष्म्यातून पाहिलं तर पडद्यावरचा चष्मा तसाच, फक्त जास्त स्पष्ट.

तो चष्मा नव्हता हे मला पुढे तीन महिन्यांनी समजलं. ती टेपची दोन चाकं होती. म्हणजे तुमच्यासाठी कोणी तरी आवाजात निरोप ठेवला आहे, तो ऐका. याला व्हॉइसमेल म्हणतात. आपण फोनला हाताशी नसलो, की एक बाई आपल्या वतीने निरोप घेते आणि सांभाळून ठेवते. अशी बाई पूर्वीही वाड्यावाड्यातून असे. पण ती निरोप घेतला की तो आपल्याला सोडून बाकी सगळ्या वाड्याला सांगायची. व्हॉइसमेलची बाई कोणालाच सांगत नाही, आपल्यालाही नाही. ती फक्त चष्मा दाखवते.

ही गोष्ट २००७ सालची. बँकेने माझी बदली धडगावला केली होती. बदलीचा कागद हातात पडल्यावर मी नकाशा काढला. नंदुरबार जिल्हा सापडायलाच वेळ लागला, कारण आमच्या घरचा नकाशा १९९८ च्या जुलैपूर्वीचा. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्याच्या पोटात होता. त्याच्याही वरच्या टोकाला, सातपुड्याच्या घड्यांमध्ये, अक्राणी तालुका आणि त्याचं ठाणं धडगाव. उत्तरेला नर्मदा, तिच्या पलीकडे मध्य प्रदेश, जरा पश्चिमेला सरकलं की गुजरात. महाराष्ट्र जिथे संपतो तिथे आमची शाखा होती, आणि कर्ज घेतलेले लोक त्याच्याही पुढे राहत होते.

गावात टॉवर होता, नाही असं नाही. पण लाईट गेली की टॉवर जायचा, आणि लाईटचा स्वभाव आमच्या मॅनेजरसारखा होता, आला तर आला. बँकेचा जुना फोन शोभेला असे. रेंज खात्रीने मिळायची ती गावाबाहेरच्या टेकडीवर, एका मोहाच्या झाडाखाली. संध्याकाळी तिथे मास्तर, कंपाउंडर, तलाठी आणि मी अशी मंडळी जमून एकेका दिशेला तोंड करून उभी राहायची. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, की चार दिशांना चार माणसं नमाजाला किंवा संध्येला उभी आहेत आणि दिशेवरून एकमत झालेलं नाही. वसुलीसाठी नर्मदेच्या बाजूला उतरलो, की फोन एकदम खुलायचा आणि ‘मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे’ असं छापील अक्षरात सांगायचा. उभा मी महाराष्ट्रात, हातात महाराष्ट्र बँकिंगचं रजिस्टर, आणि स्वागत परराज्याचं. रोमिंगचे पैसे मात्र माझे.

आता थोडा इतिहास सांगतो. भिऊ नका, परीक्षेला नाही.

आवाज पलीकडे पाठवायची सोय आधी झाली आणि आवाज ठेवायची सोय नंतर, पण फार नंतर नव्हे. ग्रॅहम बेलने १८७६ साली टेलिफोनवरून पहिला निरोप दिला तो शेजारच्या खोलीतल्या वॉटसन नावाच्या मदतनिसाला, आणि तो काय होता? तर ‘इकडे ये’. जगातला पहिला टेलिफोन हाच मुळी शिपायाला हाक मारायला वापरला गेला, हे कळल्यावर मला सरकारी कचेऱ्यांबद्दल वेगळाच आदर वाटू लागला. पुढल्याच वर्षी एडिसनने फोनोग्राफ काढला आणि १८७८ साली त्याचे उपयोग सांगणारा एक लेख लिहिला. पत्र सांगणं, पुस्तकं वाचून दाखवणं, मरणाऱ्या माणसाचे अखेरचे शब्द जपणं, असे अनेक. त्यातच हे यंत्र टेलिफोनला जोडून बोलणं कायमचं नोंदवावं हीही कल्पना होती. संगीत ऐकणं त्याच्या यादीत होतं, पण त्याचा सगळा जीव पत्रव्यवहारावर. गोष्ट काढावी एकासाठी आणि लोकांनी वापरावी दुसऱ्यासाठी, हे विज्ञानातही चालतं आणि लग्नात आलेल्या भांड्यांच्या बाबतीतही.

टेलिफोनवरचं बोलणं प्रत्यक्ष पकडून ठेवायचं यंत्र केलं ते डेन्मार्कच्या वाल्डेमार पोल्सनने, १८९८ साली. पोलादी तारेवर चुंबकाने आवाज उमटवायचा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा बादशहा फ्रान्झ जोसेफ त्यात दोन शब्द बोलला, आणि ते अजून ऐकायला मिळतात. बादशहाचं साम्राज्य अठरा वर्षांनी मोडलं. तारेवरचे दोन शब्द राहिले.

पण आपल्याला जे व्हॉइसमेल म्हणून छळतं ते १९७९ सालचं. अमेरिकेत टेक्सास प्रांतातल्या गॉर्डन मॅथ्यूज नावाच्या गृहस्थांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. असं सांगतात, की एका कचेरीबाहेर पाऊस थांबायची वाट पाहत असताना त्यांना कचऱ्याच्या पेटीत निरोपाच्या चिठ्ठ्यांचा ढीग दिसला. ‘तुम्ही बाहेर गेला असताना अमक्याचा फोन आला होता’ छापाच्या. त्यांच्या मनात आलं, एवढे निरोप माणसांनी लिहायचे, माणसांनी फेकायचे, त्यापेक्षा यंत्राला सांगा. त्या यंत्रात पहिला आवाज भरला तो त्यांच्या पत्नीचा, असंही म्हणतात. याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. घरात नसलेल्या नवऱ्याला उद्देशून बोलायचा सराव जगातल्या सर्व बायकांना असतो.

आपल्याकडे मोबाईल आला १९९५ च्या ३१ जुलैला. कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला. त्या काळी फोन करणाऱ्याला पैसे पडत, आणि घेणाऱ्यालाही. म्हणजे कोणी आपल्याला शिव्या दिल्या तर त्याचे निम्मे पैसे आपण भरायचे. २००३ साली येणारे फोन फुकट झाले आणि मोबाईल आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांच्या खिशात शिरला. त्याच्याबरोबर हळूच ही निरोपाची बाईही शिरली. पण आपल्या लोकांनी तिला दाद दिली नाही. आपण त्याहून स्वस्त शोध लावला: मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’, तीन म्हणजे ‘तूच लाव, माझा बॅलन्स संपलाय’. यात यंत्रही नाही, खर्चही नाही, आणि कंपनीच्या हाताला काही लागत नाही.

सगळ्या हिंदुस्थानात या बाईशी मनापासून बोलणारा एकच माणूस असावा, आणि तो नेमका माझा बाप होता.

आमचे बाबा तार ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कडकट्ट करून लोकांचे जन्म, मृत्यू, लग्नं आणि मनिऑर्डरी या टोकाकडून त्या टोकाला पोचवल्या. आपल्या देशात तारेची पहिली प्रायोगिक ओळ १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी टाकली आणि १८५४ साली ती लोकांना खुली झाली, हे मला शाळेच्या आधी घरी कळलं. तारेला शब्दावर पैसे. पत्त्याचेसुद्धा. त्यामुळे बाबा घरातही शब्द मोजून बोलत. आईने बाजारातून काय आणू विचारलं तर उत्तर तीन शब्दांचं. दहाव्या शब्दाच्या पुढे गेलेलं वाक्य त्यांना उधळपट्टी वाटायची.

मी धडगावला गेल्यावर आमचं बिऱ्हाड नाशिकलाच राहिलं. आई, बाबा, ही आणि आमची लेक. मला फोन लावला, की बहुतेक वेळा ‘आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता’ हे सुरू व्हायचं. ही चिडून ठेवून द्यायची. बाबा मात्र शांतपणे शेवटपर्यंत ऐकायचे. पलीकडून एक कर्मचारी सौजन्याने बोलते आहे, निरोप घ्यायला तयार आहे, असं वाटून ते उठून बसत, घसा साफ करीत, आणि निरोप देत. निरोप संपला की बोटाने फोनवर टकटक करीत. तार संपल्याची खूण. सवय.

त्या वर्षी श्रावणाच्या सुमाराला सातपुड्यात पाऊस लागला तो लागलाच. चांदसैलीच्या घाटात दरड आली, लाईट गेली, टॉवर गेला. बारा दिवस धडगाव हे महाराष्ट्रात आहे की नाही याची महाराष्ट्राला कल्पना नव्हती. मोहाच्या झाडाखाली उभं राहून उपयोग नव्हता. मी खुशाल खिचडी खाऊन झोपत होतो. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक कोणी मांडलं माहीत नाही. तो नक्की रेंजमध्ये राहणारा असावा.

तेराव्या दिवशी म्हसावदच्या बाजूचा रस्ता सुटला आणि मी शहाद्याला आलो. पहिल्याच चौकात फोन लावला. बाबांनी उचलला.

‘‘निरोप मिळाला नाही?’’

‘‘कसला निरोप?’’

‘‘ठेवला होता. गेल्या सोमवारी. तुमच्या त्या बाईंनी स्वीकारला.’’ मग जरा थांबून म्हणाले, ‘‘आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ठीक आहे. तुझी वाट पाहिली.’’

नऊ-दहा शब्द झाले असतील. यापेक्षा जास्त त्यांनी मला कधीच बोल लावला नव्हता.

मी तडक मोबाईलच्या दुकानात शिरलो. दुकानातल्या विशीतल्या पोराने फोन हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘काका, अकरा निरोप पडलेत तुमचे. हे काय, दिसत नाही का?’’ आणि त्याने चष्म्यावर बोट ठेवलं. मी नाकावरचा चष्मा नीट केला. म्हणायला काही उरलं नव्हतं.

त्याने नंबर लावून दिला. आतल्या बाईने आधी गुप्त क्रमांक विचारला. तो मला ठाऊक असता तर तो गुप्त कसला? पोराने चार शून्यं दाबली आणि तिजोरी उघडली. ऐकण्यासाठी एक दाबा, पुसण्यासाठी तीन दाबा. मी घाईत तीन दाबला. पहिला निरोप गेला. कोणाचा, काय, काही कळलं नाही. पोर म्हणालं, ‘‘गेला तो गेला, काका. आता एक दाबा.’’

मग मी शहाद्याच्या त्या दुकानात, रिचार्ज कुपनांच्या माळांखाली उभा राहून आमच्या घरचे तीन महिने ऐकले. चार निरोप हिचे. त्यातला प्रत्येक भाजीपाल्यापासून सुरू होऊन ‘‘आणि एक महत्त्वाचं सांगायचं म्हणजे’’ इथे यायचा आणि ‘बीप’. यंत्राला मिनिटाची मर्यादा होती आणि हिला प्रस्तावनेची सवय. एक निरोप कोणा अनोळखी माणसाचा: ‘‘शेठ, ट्रक निघाला, माल रात्रीच उतरवून घ्या, पाऊस आहे.’’ त्या ट्रकचं काय झालं ही रुखरुख मला अजून आहे. बाकीचे पाच बाबांचे. त्यातला शेवटचा असा:

‘‘आईचे मोतीबिंदू ऑपरेशन गुरुवारी. काळजी नको. जमल्यास ये. कळव. बाबा.’’

मी मोजले. दहा. नंतर टकटक.

‘‘हो,’’ मी म्हणालो. पोराला वाटलं मी त्यालाच म्हटलं. त्याने पंचवीस रुपयांचं कुपन फाडलं.

त्या रात्री नाशिकला पोचलो. आई हिरवी पट्टी बांधून बसली होती आणि मला पाहून, म्हणजे एका डोळ्याने पाहून, वाळलास म्हणाली. बाबा एवढंच बोलले, ‘‘तार असती तर शिपायाने सही घेतली असती. सही नाही आली तर आपल्याला कळतं, की पोचली नाही. तुमच्या या बाई निरोप घेतात. दिला का, ते सांगत नाहीत.’’

पुसलेल्या पहिल्या निरोपाबद्दल मी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘आठवत नाही. महत्त्वाचं असतं तर तार केली असती.’’ त्या काळी तार अजून होती. ती बंद झाली जुलै २०१३ मध्ये. बाबा त्याच्या आदल्या वर्षी गेले. एका अर्थी बरं झालं. बातमी त्यांना सांगायची कोणी, हा घरात प्रश्न पडला असता.

मी धडगावला तीन वर्षं काढली. तिथे निरोपाची जी जुनी पद्धत पाहिली ती बाबांना फार आवडली असती. तिकडे गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर, मधे दरी. अशा घरांचा मिळून पाडा. दरी उतरून जायचं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून माणूस कडेला येतो, तोंडाभोवती हात धरतो आणि लांब सूर काढून हाळी देतो. पलीकडून ‘हूऽऽ’ आलं, की मग निरोप. निरोप संपला की पुन्हा पलीकडून ‘हूऽऽ’. ते आलं नाही तर हाक मारणारा जागचा हलत नाही. पुन्हा मारतो. निरोप सांगितला म्हणजे पोचला, असं त्या डोंगरात कोणी मानत नाही. बेल, पोल्सन, मॅथ्यूज ही सगळी मोठी माणसं. पण त्यांनी हाळी घेतली आणि ‘हू’ विसरले. ते आठवायला २०१४ साल उजाडलं, जेव्हा व्हॉट्सअॅपने निरोप वाचल्याची निळी खूण आणली. आणि मग लोक म्हणू लागले, की ही खूण बंद कशी करायची ते सांगा.

व्हॉट्सअॅपमध्ये आवाजाचा निरोप २०१३ च्या ऑगस्टमध्ये आला. तार गेली त्याच्या पुढल्याच महिन्यात. शहरातल्या आमच्या पिढीने त्याला नाकं मुरडली. लिहिता येत असताना बोलायचं कशाला? पण ज्याची भाषा शाळेच्या पाटीवर कधी उमटलीच नाही त्याला विचारा. धडगावच्या पावरा माणसाची पोरं मराठीत शिकतात, तो स्वतः घरी पावरी बोलतो. पत्र लिहायचं तर आधी लिहिणारा शोधायचा, मग आपलं म्हणणं त्याच्या मराठीत घालायचं, पलीकडे पुन्हा वाचणारा शोधायचा. दोन परक्यांच्या हातून बापलेकांचं बोलणं जायचं. छत्तीसगडमध्ये ही अडचण शुभ्रांशु चौधरी या पत्रकाराने ओळखली आणि २०१० साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, मग गोंडीत किंवा हिंदीत आपलं गाऱ्हाणं सांगायचं किंवा दुसऱ्याचं ऐकायचं. हातपंप बिघडला, मजुरी मिळाली नाही, असं सगळं. म्हणजे आम्ही ज्या व्हॉइसमेलला चष्मा समजून बसलो होतो, त्याचं तिकडे जंगलात वर्तमानपत्र झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी होळीला मी पुन्हा धडगावला गेलो. आमच्या शाखेचा जुना शिपाई आता निवृत्त झालाय. त्याने आग्रहाने बोलावलं. सातपुड्यात होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. उसतोडीला, बांधकामाला गुजरातेत गेलेली माणसं त्या सणाला डोंगर चढून घरी येतात. शिपायाचा मुलगा सुरतेला सेंट्रिंगच्या कामावर होता, आणि त्या वर्षी त्याला सुटी मिळाली नव्हती. ओटीवर शिपायाची म्हातारी आई मोबाईल कानाशी धरून बसली होती. नातवाचा आवाज येत होता. तो जरा थांबला की म्हातारी ‘हूं’ म्हणायची. तो पुढे बोलायचा. पुन्हा ‘हूं’. संपलं. तिने शिपायाकडून ते परत लावून घेतलं. पुन्हा तेच बोलणं, पुन्हा त्याच जागी ‘हूं’.

मी शहरी शहाणपणाने शिपायाला म्हटलं, ‘‘आजींना सांग, तो आत्ता बोलत नाहीये. हे सकाळचं भरलेलं आहे.’’

त्याने तिला सांगितलं. ती माझ्याकडे पाहून हसली आणि पावरीत काही तरी बोलली. शिपायाने मराठी केलं: ‘‘ती म्हणते, ते मला ठाऊक आहे. पण तो बोलला ना? मग कोणी तरी हूं म्हणायला नको?’’

नाशिकला परतल्यावर मी माळ्यावरची बाबांची ट्रंक काढली. त्यात कोऱ्या तारेच्या फॉर्मचा एक गठ्ठा होता. सरकारी मालमत्ता घरी आणण्याचा बाबांचा हा आयुष्यातला एकमेव गुन्हा. चाळता चाळता दिसलं, की गठ्ठा कोरा नाही. मला फोनवर ठेवलेल्या प्रत्येक निरोपाचा त्यांनी आधी कच्चा मसुदा केला होता. पेन्सिलीने. वर तारीख, बाजूला शब्दांची संख्या.

पहिला फॉर्म मी धडगावला हजर झालो त्या तारखेचा. मी तीन दाबून पुसलेला. ‘‘पोचलास असे समजतो. आई ठीक. पाणी उकळून पी. कळव. बाबा.’’ बाजूला दहा. त्यात ‘ठीक’ आणि ‘पाणी’ यांच्यामध्ये काही शब्द लिहून मग खोडलेले होते. मी खिडकीपाशी नेऊन चष्म्यातून पाहिलं. ‘संध्याकाळी फाटक वाजले की बघतो.’ पाच शब्द. दहात बसत नव्हते.

‘‘हूं,’’ मी म्हणालो.

‘‘माझ्याशी बोललात का?’’ स्वयंपाकघरातून हिने विचारलं. ‘‘आणि वर आहातच, तर एक महत्त्वाचं सांगायचं म्हणजे—’’

या खेपेला मी शेवटपर्यंत ऐकलं. डाळीचा डबा काढून द्यायचा होता.